कीडनाशकांचे मृदा व पीकवाढीवरील परिणाम (बुलढाणा जिल्हा)

कीडनाशकांचे मृदा व पीकवाढीवरील परिणाम हा मृदाशास्त्र, कृषिरसायनशास्त्र आणि वनस्पतिशरीरक्रियाशास्त्र या तीन शाखांना स्पर्श करणारा अभ्यासविषय आहे. किडी, रोग व तणे यांच्यापासून पिकाचे रक्षण करण्यासाठी वापरलेले रसायन आपले काम संपल्यावर लगेच नाहीसे होत नाही. त्याचा काही अंश पानांवर, काही मुळांभोवती, तर बराचसा मातीत उरतो. हा उरलेला अंश किती काळ टिकतो, मातीतील सजीवांवर काय परिणाम करतो आणि चालू व पुढील पिकाच्या वाढीत कोणते बदल घडवतो, यांचा विचार या विषयात केला जातो. प्रस्तुत लेखात हा विषय महाराष्ट्राच्या अमरावती विभागातील बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात मांडला आहे. काळी, चुनखडीयुक्त व विम्लधर्मी जमीन, पावसावर अवलंबून असलेली शेती आणि कपाशी-सोयाबीनचे प्राबल्य यांमुळे हे परिणाम येथे विशिष्ट स्वरूप धारण करतात.

## संज्ञा

मराठीत ‘कीटकनाशक’ आणि ‘कीडनाशक’ हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जातात. शास्त्रीय लेखनात मात्र ‘कीडनाशक’ ही व्यापक संज्ञा आहे. तिच्यात कीटकनाशके, बुरशीनाशके, तणनाशके, कोळीनाशके, सूत्रकृमिनाशके आणि उंदीरनाशके यांचा समावेश होतो. बोलीभाषेत या सर्वांना सरसकट ‘औषध’ म्हटले जाते. या शब्दप्रयोगामुळे सर्व रसायने सारख्याच स्वरूपाची आहेत असा समज होतो. प्रत्यक्षात किडीच्या मज्जासंस्थेवर आघात करणारे कीटकनाशक आणि वनस्पतीची वाढच थांबवणारे तणनाशक यांचे पिकावरील परिणाम अगदी भिन्न असतात.

पिकावर रसायनामुळे होणाऱ्या अपायाला ‘वनस्पतिविषाक्तता’ म्हणतात. शेतकरी त्याचे वर्णन ‘पीक करपले’, ‘शॉक बसला’ किंवा ‘वाढ धरली’ अशा शब्दांत करतात. मातीत मागे राहणाऱ्या अंशाला ‘अवशेष’ म्हणतात आणि त्याचे प्रमाण निम्म्यावर येण्यास लागणाऱ्या काळाला ‘अर्धायुष्य’ म्हणतात.

## जिल्ह्याची जमीन व पीकपद्धती

अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे बुलढाणा जिल्ह्याचे ‘घाटावरचा’ आणि ‘घाटाखालचा’ असे दोन नैसर्गिक भाग पडतात. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा आणि देऊळगाव राजा हे तालुके मुख्यतः घाटावर येतात. येथील जमीन बसाल्ट खडकापासून बनलेली असून उतारावर उथळ व मुरमाड, तर सखल भागात मध्यम ते भारी काळी आहे. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे तालुके प्रामुख्याने घाटाखाली, पूर्णा नदीच्या खोऱ्यात येतात. तेथे खोल, चिकणमातीची काळी जमीन आढळते. पूर्णेच्या दोन्ही काठांलगतचा काही भाग अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात मोडतो.

या काळ्या जमिनीत फुगणाऱ्या व आकसणाऱ्या चिकणमातीचे प्रमाण मोठे असते. ओली झाली की ती फुगते आणि उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात. चुनखडीमुळे तिचा सामू बहुधा ७ पेक्षा अधिक असतो आणि सेंद्रिय कर्ब सामान्यतः कमी असतो. हे तिन्ही गुणधर्म कीडनाशकांच्या मातीतील वर्तनावर थेट परिणाम करतात.

सोयाबीन हे आज जिल्ह्यातील सर्वाधिक क्षेत्राचे खरीप पीक आहे. त्याखालोखाल कपाशी, तूर, मका, मूग व उडीद ही पिके येतात. रब्बीत हरभरा, गहू व ज्वारी घेतली जाते. संग्रामपूर व जळगाव जामोद भागात संत्रा व केळी, तर देऊळगाव राजा, सिंदखेडराजा व चिखली परिसरात कांदा व भाजीपाल्याचे बीजोत्पादन आढळते.

## वापराचा इतिहास

ब्रिटिश काळात खामगाव ही वऱ्हाडातील कापसाची मोठी बाजारपेठ होती. त्या काळात प्रामुख्याने घेतले जाणारे देशी कापसाचे वाण रसशोषक किडींना बऱ्यापैकी दाद न देणारे होते. तणनियंत्रण डवरणी व निंदणीने होत असे. स्वातंत्र्योत्तर काळात डीडीटी व बीएचसी या क्लोरीनयुक्त भुकट्यांचा प्रसार झाला. १९७० मध्ये ‘एच-४’ हा संकरित कापसाचा वाण आला आणि त्यानंतर संकरित कपाशीचे क्षेत्र वाढत गेले. ती अधिक उत्पादन देणारी होती, परंतु मावा, तुडतुडे व बोंडअळ्यांना लवकर बळी पडत असे. त्यामुळे फॉस्फरसयुक्त कीटकनाशके आणि १९८० नंतर कृत्रिम पायरेथ्रॉइडे यांचा वापर वाढला.

२००२ मध्ये बीटी कपाशीला भारतात मान्यता मिळाली. आरंभीची काही वर्षे बोंडअळ्यांसाठीच्या फवारण्या घटल्या, पण रसशोषक किडींसाठीच्या फवारण्या पुढे वाढत गेल्या. गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीविरुद्ध प्रतिकारशक्ती मिळवली आणि २०१७ च्या खरिपात विदर्भात तिचा मोठा उद्रेक झाला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले.

तणनाशकांचा प्रसार तुलनेने अलीकडचा आहे. सोयाबीनचे क्षेत्र वाढले, निंदणीसाठी मजूर मिळणे कठीण झाले आणि मजुरीचे दर चढले. एरवी बायामाणसांच्या टोळीला कित्येक दिवस लागणारे काम एका फवारणीत होऊ लागले. आज जिल्ह्यातील मातीच्या दृष्टीने कीटकनाशकांइतकाच, किंबहुना काही बाबतींत अधिक महत्त्वाचा प्रश्न तणनाशकांचा आहे.

## मातीतील रसायनाचा प्रवास

पिकावर फवारलेले सर्व द्रावण पानांवर राहत नाही. काही वाऱ्याने उडते, काही ओघळून जमिनीवर पडते, तर पानांवरचा काही अंश पुढे पावसाने धुऊन मातीत येतो. बीजप्रक्रियेतील व जमिनीत टाकायच्या दाणेदार औषधांचा तर बहुतेक भाग थेट मातीतच जातो. मातीत आल्यानंतर रसायनाच्या वाटचालीचे पुढील मार्ग असतात.

* अधिशोषण : रसायनाचे रेणू मातीच्या व सेंद्रिय पदार्थांच्या कणांना चिकटतात. चिकणमातीची धारणक्षमता मोठी असल्याने ग्लायफोसेटसारखी रसायने तिच्यात घट्ट धरली जातात. धरून ठेवणे म्हणजे नष्ट करणे नव्हे. चिकटलेले रसायन झिरपत नाही, पण सूक्ष्मजीवांच्या हातीही लवकर लागत नाही.
* विघटन : सूक्ष्मजीव, पाणी व सूर्यप्रकाश यांच्यामुळे रसायनाचे तुकडे होतात. ओलावा, उबदारपणा व सेंद्रिय कर्ब पुरेसे असतील तर विघटन जलद होते. कोरड्या जमिनीत ते मंदावते.
* निचरा व वहन : पाण्यात सहज विरघळणारी रसायने पाण्याबरोबर खाली जातात. काळ्या जमिनीला पडलेल्या भेगा मिटण्याआधी जोराचा पाऊस झाला, तर पाणी मातीच्या कणांतून गाळून न जाता भेगांतून थेट खोल उतरते. घाटावरच्या उताराच्या जमिनीत मातीबरोबर रसायनही वाहून नाल्यात व तलावात जाते.
* बाष्पीभवन : २,४-डीच्या एस्टर स्वरूपासारखी काही रसायने उष्ण हवेत वाफ होऊन शेजारच्या शेतापर्यंत पोहोचतात.

विघटन म्हणजे प्रत्येक वेळी निर्विषीकरण नव्हे. फोरेटचे मातीत सल्फॉक्साइड व सल्फोन होते आणि ती संयुगे मूळ रसायनापेक्षा अधिक काळ टिकून विषारी राहतात. एंडोसल्फानपासून एंडोसल्फान सल्फेट आणि डीडीटीपासून डीडीई ही दीर्घायुषी संयुगे तयार होतात. क्लोरपायरिफॉसच्या विघटनातून निघणारे संयुग सूक्ष्मजीवांना अपायकारक असल्याने पुढील विघटनच मंदावू शकते.

मातीच्या सामूचा परिणाम सर्व रसायनांवर एकसारखा नसतो. फॉस्फरसयुक्त अनेक कीटकनाशके विम्लधर्मी परिस्थितीत लवकर फुटतात. याउलट, सोयाबीनमध्ये वापरले जाणारे क्लोरिम्युरॉन-इथाइल हे सल्फोनिलयुरिया गटातील तणनाशक आणि मक्यात वापरले जाणारे अ‍ॅट्राझिन ही दोन्ही आम्लधर्मी जमिनीत लवकर विघटित होतात, पण विम्लधर्मी जमिनीत अधिक काळ टिकतात. म्हणून दुसऱ्या प्रदेशातील आम्लधर्मी मातीवर काढलेला टिकाऊपणाचा अंदाज बुलढाण्याच्या चुनखडीयुक्त जमिनीला जसाच्या तसा लागू पडत नाही.

## मातीतील सजीवांवरील परिणाम

मातीची सुपीकता तिच्यातील जीवाणू, बुरशी, गांडुळे व इतर सजीवांवर अवलंबून असते. जिल्ह्यातील पीकपद्धतीत सोयाबीन, तूर, मूग, उडीद व हरभरा या शेंगवर्गीय पिकांचा मोठा वाटा असल्याने मुळांवरील गाठींतून नत्र स्थिर करणारे जीवाणू येथे विशेष महत्त्वाचे ठरतात. सोयाबीनच्या गाठींत ब्रॅडिरायझोबियम, तर हरभऱ्याच्या गाठींत मेझोरायझोबियम हे जीवाणू असतात.

बियाण्याला चोळलेली थायरमसारखी बुरशीनाशके या जीवाणूंच्या थेट संपर्कात आल्यास त्यांची संख्या घटते. त्यामुळे बीजप्रक्रिया आधी बुरशीनाशक, नंतर कीटकनाशक आणि सर्वांत शेवटी रायझोबियम संवर्धक अशा क्रमाने करावी, अशी शिफारस आहे. ट्रायकोडर्मा ही स्वतः एक उपयुक्त बुरशी असल्याने तिचा वापर रासायनिक बुरशीनाशकासोबत केल्यास उद्देशच फसू शकतो. ग्लायफोसेट वनस्पतींतील ज्या विकराला अटकाव करते, ते विकर अनेक जीवाणूंतही असते. त्यामुळे या तणनाशकाचा परिणाम केवळ तणांपुरता मर्यादित राहत नाही.

अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जीवाणू कीडनाशकांना विशेष संवेदनशील असतात. त्यांचे कार्य मंदावल्यास दिलेले नत्रखत पिकाला मिळण्याचा वेग बदलतो. बहुतेक प्रसंगी, शिफारशीच्या मात्रेत हा परिणाम तात्पुरता असतो आणि काही आठवड्यांत सूक्ष्मजीवांची संख्या पूर्ववत होते. वारंवार किंवा वाढीव मात्रेत वापर झाला आणि जमिनीत सेंद्रिय पदार्थांची उणीव असली, तर ही भरपाई लांबते. मातीतील डिहायड्रोजिनेज, फॉस्फेटेज व युरिएज या विकरांची क्रियाशीलता मोजून अशा बदलांचा अंदाज घेतला जातो.

गांडुळांना कार्बामेट गटातील कार्बोफ्युरान व कार्बारिल, तसेच कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक अपायकारक आहे. भारी काळ्या जमिनीत पाणी व हवा खेळण्यासाठी गांडुळांची बिळे उपयोगी पडतात. त्यामुळे त्यांची घट ही जमिनीच्या घडणीचीही हानी असते.

ताम्रयुक्त बुरशीनाशकांचा प्रश्न वेगळा आहे. संत्र्यावरील डिंक्या रोगासाठी बोर्डो मलम व ताम्रयुक्त औषधे वापरली जातात. तांबे हे मूलद्रव्य असल्याने त्याचे विघटन होत नाही. बागेत वर्षानुवर्षे पडलेले तांबे मातीच्या वरच्या थरातच साचत जाते. विम्लधर्मी जमिनीत त्याची उपलब्धता कमी असली, तरी साठा वाढत राहतो.

## पीकवाढीवरील परिणाम

### कीटकनाशके व बुरशीनाशके

योग्य मात्रेतील कीटकनाशक पिकाचे नुकसान टाळून वाढीला साहाय्य करते. निओनिकोटिनॉइड गटातील रसायनांची बीजप्रक्रिया केलेली रोपे कधीकधी किडी नसतानाही जोमदार दिसतात. मात्र हिरवेपणा म्हणजे उत्पादन नव्हे. मोनोक्रोटोफॉस व अ‍ॅसिफेटच्या वारंवार फवारणीने कपाशीची शाकीय वाढ होते, झाड लुसलुशीत राहते, त्यावर रसशोषक किडी पुन्हा आकर्षित होतात आणि बोंडे धरण्याचा काळ लांबतो. हंगाम लांबला की गुलाबी बोंडअळीला अधिक पिढ्या काढायला वाव मिळतो.

ट्रायझोल गटातील बुरशीनाशके वनस्पतीतील जिबरेलिन या वाढसंप्रेरकाच्या निर्मितीत अडथळा आणतात. अधिक मात्रेत त्यांच्यामुळे पेरांतील अंतर कमी होऊन झाड खुजे व पाने गडद हिरवी होतात. गंधकाची फवारणी कडक उन्हात केल्यास पाने करपतात. अनेक औषधे, विद्राव्य खते व संप्रेरके एकाच टाकीत मिसळण्याची प्रथा हेही पाने करपण्याचे एक प्रमुख कारण आहे. पंप बदलल्यावर एकरी लागणाऱ्या पाण्याचे प्रमाण बदलते. हे लक्षात न घेतल्यास द्रावणाची तीव्रता चुकते.

### तणनाशके

इमॅझेथापायर हे सोयाबीनमधील बहुप्रचलित उगवणीनंतरचे तणनाशक आहे. ते वनस्पतीतील ल्युसिन, आयसोल्युसिन व व्हॅलिन ही अमिनो आम्ले तयार होण्याची क्रिया थांबवते. सोयाबीन ते पचवू शकते. तरीही फवारणीनंतर पाने पिवळसर पडून वाढ काही दिवस खुंटते आणि एक-दोन आठवड्यांत पीक सावरते. त्याच काळात पावसाचा खंड पडला किंवा शेतात पाणी साचले, तर सावरण्यास अधिक वेळ लागतो. पेरणीनंतर लगेच फवारले जाणारे पेंडिमेथालिन कोवळ्या मुळांतील पेशीविभाजन रोखते. मात्रा अधिक झाल्यास मुळांची टोके फुगून मुळे आखूड राहतात.

### कपाशी व २,४-डी

कपाशी हे २,४-डी या तणनाशकाला अत्यंत संवेदनशील असलेले पीक आहे. शेजारच्या मका, ज्वारी, गहू किंवा पडीक शेतात मारलेल्या औषधाचे तुषार अथवा वाफ कपाशीवर आली, किंवा त्या औषधाचा पंप न धुता कपाशीवर वापरला, तर अत्यल्प अंशानेही विकृती येते. नवीन पाने अरुंद, लांबट व बोटांसारखी होतात, त्यांच्या शिरा जवळजवळ येऊन ठळक दिसतात, शेंडा वाकतो आणि पात्या-फुले विकृत होऊन गळतात. ही लक्षणे विषाणूजन्य रोगासारखी भासत असल्याने शेतकरी पुष्कळदा आणखी एखादे औषध फवारतो. रोग मात्र तेथे नसतोच. मार लहान असेल तर नवीन फूट निरोगी येते, पण बोंडे धरण्याचे दिवस निघून गेलेले असतात.

### पुढील पिकावरील परिणाम

खरिपात वापरलेल्या तणनाशकाचा अंश रब्बीच्या पेरणीपर्यंत टिकल्यास नवे पीक नीट उगवत नाही, पिवळे पडते किंवा खुजे राहते. इमॅझेथापायरच्या अवशेषांना मोहरी, ज्वारी, मका व कपाशी ही पिके संवेदनशील आहेत. शेंगवर्गीय पिके सामान्यतः अधिक सहनशील असल्याने सोयाबीननंतर हरभरा घेणाऱ्या शेतात हा परिणाम दिसून येत नाही. पीक बदलताच तो उघड होतो. कमी पावसाच्या वर्षी विघटन अपुरे होते. त्यामुळे खरिपात ज्याचे पीक दुष्काळाने गेले, त्याच शेतकऱ्याच्या रब्बीलाही अवशेषांचा धोका अधिक असतो.

### अप्रत्यक्ष परिणाम

क्रायसोपा, ढालकिडे व परोपजीवी गांधीलमाश्या हे मित्रकीटक व्यापक परिणामाच्या कीटकनाशकांनी मरतात. त्यानंतर पांढरी माशी व लाल कोळी यांचा पुनरुद्रेक होतो. पायरेथ्रॉइडांच्या अतिवापरानंतर असे उद्रेक अनेकदा नोंदले गेले आहेत. कांदा बीजोत्पादनात परागीभवन मुख्यतः मधमाश्यांवर अवलंबून असते. फुलोऱ्यात केलेल्या फवारणीने मधमाश्या मेल्या किंवा फिरकेनाशा झाल्या, तर गोंडे फुलूनही बी भरत नाही.

## खारपाणपट्टा

पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात भूजल क्षारयुक्त असून मातीत सोडियमचे प्रमाण अधिक आहे. अशी माती ओली झाली की तिचे कण विखुरतात, छिद्रे बुजतात आणि निचरा मंदावतो. साचलेल्या पाण्यात हवेचा अभाव निर्माण होऊन बहुतेक कीडनाशकांचे विघटन संथ होते.

दुसरा प्रश्न फवारणीच्या पाण्याचा आहे. क्षारयुक्त व जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम ग्लायफोसेट आणि २,४-डीच्या अमाइन क्षाराशी बांधले जाऊन औषधाची परिणामकारकता घटवतात. विम्लधर्मी पाण्यात काही कीटकनाशके टाकीतच फुटू लागतात. परिणाम दिसला नाही की मात्रा वाढवली जाते किंवा फवारणी पुन्हा केली जाते. पर्यायाने मातीत जाणाऱ्या रसायनाचे प्रमाण वाढते. साठवलेले पावसाचे किंवा शेततळ्याचे गोडे पाणी वापरणे आणि द्रावण तयार करताच फवारणे, हे यावरचे साधे उपाय आहेत.

## कायदा व नियमन

कीडनाशकांची नोंदणी, उत्पादन व विक्री यांचे नियमन १९६८ च्या कीटकनाशक अधिनियमानुसार आणि १९७१ च्या नियमांनुसार होते. डब्यावरील त्रिकोणाचा रंग विषारीपणाचा दर्जा दाखवतो : लाल (अत्यंत विषारी), पिवळा (अति विषारी), निळा (मध्यम विषारी) व हिरवा (कमी विषारी). हा दर्जा सस्तन प्राण्यांवरील तीव्र विषारीपणावर आधारित आहे. रसायन मातीत किती टिकेल किंवा पुढील पिकाला अपाय करील का, हे त्यावरून कळत नाही. हिरव्या त्रिकोणाचे औषध म्हणजे जमिनीला निर्धोक औषध, हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

डीडीटीचा शेतीतील वापर १९८९ मध्ये, तर बीएचसी १९९७ मध्ये बंद करण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०११ रोजी एंडोसल्फानवर बंदी घातली. केंद्र शासनाच्या ऑगस्ट २०१८ च्या आदेशाने मिथाइल पॅराथिऑन, कार्बारिल, बेनोमिल आदी १२ रसायनांवर तत्काळ बंदी आली आणि फोरेट, ट्रायझोफॉस, डायक्लोरव्हॉस, फॉस्फामिडॉन आदी ६ रसायने ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाली. ग्लायफोसेटचा वापर ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रशिक्षित कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित करण्यात आला. सप्टेंबर २०२३ मध्ये मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के द्रवरूपावर बंदी जाहीर झाली.

यवतमाळच्या घटनेनंतर महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये यवतमाळ, अकोला, अमरावती, वाशीम व बुलढाणा या पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्री व वापरावर ६० दिवसांची बंदी घातली होती. ही बंदी मानवी विषबाधेच्या कारणास्तव होती. मातीच्या हानीचा विचार त्यामागे नव्हता.

तणनाशक सहनशील कपाशीला भारतात लागवडीची मान्यता नाही. तरीही विदर्भात तिची अनधिकृत लागवड होते. जून २०१९ मध्ये शेजारच्या अकोला जिल्ह्यातील अकोली जहाँगीर येथे शेतकरी संघटनेच्या पुढाकाराने अशा बियाण्याची जाहीर पेरणी करून तंत्रज्ञानस्वातंत्र्याची मागणी करण्यात आली. या वाणांच्या प्रसाराबरोबर ग्लायफोसेटचा वापरही वाढतो आणि लगतच्या साध्या कपाशीला त्याच्या तुषारांचा धोका निर्माण होतो.

## मृदा परीक्षण व त्याच्या मर्यादा

२०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल व बोरॉन असे १२ घटक तपासले जातात. कीडनाशकांचे अवशेष त्यांत येत नाहीत. त्यामुळे पत्रिकेनुसार सुस्थितीत असलेल्या जमिनीतही तणनाशकाचा हानिकारक अंश असू शकतो. अवशेषांची तपासणी करणारी उपकरणे महाग असून ती सामान्य मृदा चाचणी प्रयोगशाळेत नसतात.

शेतकऱ्याला स्वतः करता येण्याजोगी पद्धत म्हणजे जैवपरीक्षण. शेताच्या निरनिराळ्या भागांतील वरच्या थराची माती एका कुंडीत आणि औषध न मारलेल्या धुऱ्यावरची तशीच माती दुसऱ्या कुंडीत घेऊन दोन्हींत मोहरी, ज्वारी किंवा जे पीक घ्यायचे आहे त्याचे बी पेरतात. दोन-तीन आठवड्यांत उगवण, मुळांची लांबी व पानांचा रंग यांची तुलना केल्यास अवशेषांचा अंदाज येतो. रसायन कोणते व किती, हे यातून समजत नाही. पेरणी करावी की पुढे ढकलावी, हे ठरवण्यास मात्र ते पुरेसे असते.

औषधाच्या सदोषतेमुळे पीक गेल्याचा संशय असल्यास तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीच्या कृषी विभागाकडे तक्रार करता येते. त्यासाठी खरेदीची पावती, डब्यावरील तुकडी क्रमांक, उरलेले औषध आणि बाधित पिकाची छायाचित्रे जपून ठेवणे आवश्यक असते. अपाय सदोष औषधामुळे झाला, चुकीच्या वापरामुळे झाला की शेजारच्या शेतातून आला, हे सिद्ध करणे ही अशा तक्रारींतील मुख्य अडचण असते.

## उपाययोजना

जिल्ह्याला अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या (स्थापना १९६९) शिफारशी लागू पडतात. बुलढाणा व जळगाव जामोद येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत. मातीवरील भार कमी करण्यासाठी पुढील उपाय सुचवले जातात.

* आर्थिक नुकसानीची पातळी पाहून फवारणी : गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी ८ पतंग आढळल्यास किंवा १० टक्के फुले-बोंडे बाधित दिसल्यासच फवारणी करणे.
* वनस्पतिजन्य व जैविक साधने : ५ टक्के निंबोळी अर्क, ट्रायकोग्रामा परोपजीवी कीटक, घाटेअळीचा विषाणू, पक्षिथांबे.
* गट बदलणे : एकाच गटातील रसायन लागोपाठ न वापरणे. एकच तणनाशक दरवर्षी वापरल्यास सहनशील तणे वाढतात.
* तणनाशकासाठी स्वतंत्र पंप : हे शक्य नसल्यास पंप, नळी व नोझल अनेकदा धुणे आणि धुतलेले पाणी विहीर वा नाल्याजवळ न ओतणे.
* डवरणी व तणनाशक यांचा मेळ : पूर्ण शेताऐवजी ओळीवर पट्ट्यात तणनाशक फवारून दोन ओळींमधील जागेत डवरणी केल्यास रसायनाचे प्रमाण बरेच घटते.
* सेंद्रिय पदार्थ वाढवणे : शेणखत, गांडूळखत, हिरवळीची खते यांमुळे सूक्ष्मजीवांची क्रिया वाढते. पऱ्हाट्या व काड न जाळता कुजवल्यास तोच लाभ होतो.
* फवारणीची वही : कोणत्या शेतात कोणते औषध किती व कधी मारले याची नोंद ठेवल्यास पुढील पिकाची निवड करणे सुलभ जाते.

डॉ. पंजाबराव देशमुख जैविक शेती मिशन आणि नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प या राज्य शासनाच्या योजनांत बुलढाणा जिल्ह्याचा समावेश आहे. दुसऱ्या योजनेत पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्याच्या गावांवर विशेष भर आहे.

## मतभेद

कीडनाशकांचा वापर पूर्णतः थांबवावा की मर्यादित करावा, याविषयी अभ्यासकांत व शेतकऱ्यांत एकमत नाही. जैविक व नैसर्गिक शेतीचे पुरस्कर्ते मातीचे दीर्घकालीन आरोग्य व निविष्ठांचा वाढता खर्च यांवर बोट ठेवतात. रसायनांच्या मर्यादित वापराचे समर्थक मजुरांची टंचाई, किडींचे वाढते उद्रेक आणि संक्रमणकाळात घटणारे उत्पादन यांकडे लक्ष वेधतात. निंदणीचे काम कमी झाल्याने शेतमजूर स्त्रियांच्या खरिपातील मिळकतीवर झालेला परिणाम हाही या चर्चेचा एक पैलू आहे. जैविक म्हणून विकले जाणारे प्रत्येक उत्पादन निर्धोक असतेच असे नाही, याकडेही दोन्ही बाजूंचे जाणकार लक्ष वेधतात.

कोरडवाहू शेतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. ओलिताच्या शेतात पाणी देऊन विघटनाला चालना देता येते आणि एक पीक बिघडले तरी दुसरे घेता येते. पावसावर अवलंबून असलेल्या शेतात ही सोय नसते. जिल्ह्यातील बहुतांश शेती कोरडवाहू असल्याने, वाफसा असतानाची योग्य वेळ, योग्य मात्रा आणि पुढील पिकाचा विचार या तीन गोष्टींना येथे इतर कोणत्याही उपायापेक्षा अधिक महत्त्व दिले जाते.